अस्सलपणाचे व्याकरण : अ‍ॅगाथा ख्रिस्ती ह्यांची ‘अ‍ॅट बर्ट्राम्स हॉटेल’

रहस्यकथेला वाङ्मयविचारात स्थान द्यावे की देऊ नये, हा वाद आता जुना झाला. तथापि ते स्थान दिल्यानंतरही तिचे परीक्षण बहुधा एकाच अंगाने होते. खून कोणी केला, तो ओळखण्यास पुरेसे दुवे वाचकाच्या हाती ठेवले होते की नाही, अखेरचा उलगडा पटतो की नाही, एवढे पाहिले की टीकाकाराचे काम संपले असे मानण्यात येते. ह्या प्रवृत्तीला रहस्यकथालेखकच काही अंशी कारण झाले आहेत. एस. एस. व्हॅन डाइन ह्यांनी १९२८ मध्ये वीस नियम सांगितले आणि पुढच्याच वर्षी रोनल्ड नॉक्स ह्यांनी दहा. हे सर्व खेळाचे नियम आहेत. भाषेविषयी त्यांत जवळजवळ काही नाही. वर्णनात फार रमू नये, एवढे मात्र व्हॅन डाइन बजावतात. रहस्यकथेची भाषा काचेसारखी असावी, तिच्यातून फक्त घटना दिसावी, अशीच ही अपेक्षा होती. अ‍ॅगाथा ख्रिस्ती ह्यांच्या गद्याची स्तुती आणि निंदा ही दोन्ही ह्याच गृहीतावर आधारलेली आहेत. नोव्हेंबर १९६५ मध्ये, लेखिकेच्या वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅट बर्ट्राम्स हॉटेल’ ही कादंबरी मात्र ह्या गृहीतात बसत नाही. बोलणे, वागणे आणि अदब ही ह्या कादंबरीत गुन्ह्याची साधने आहेत. आणि गुन्हा उघडकीस येतो तोही त्या साधनांतील एका वैगुण्यामुळे. ते वैगुण्य असे, की त्यांत कोठेच वैगुण्य नाही.

इंग्रजीत ज्या रहस्यकथांना ‘कोझी’ म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांच्यात रक्तपाताचे वर्णन नसते, गुन्हेगार ओळखीच्या मंडळींतलाच असतो, आणि तपास करणारी व्यक्ती बहुधा हौशी असते. शब्दाचा अर्थ ऊबदार. शेकोटी, चहा आणि बाहेर पाऊस, असे चित्र त्याने सूचित होते. अशा कथेचे मर्म कवी डब्ल्यू. एच. ऑडन ह्यांनी १९४८ च्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ ह्या निबंधात नेमके सांगितले आहे. त्यांच्या मते ह्या कथेत एक बंदिस्त आणि निष्पाप दिसणारा समाज असतो. खुनाने त्याचा तोल जातो. आणि गुन्हेगार वेगळा काढला की समाज पुन्हा निष्पाप होतो. वाचकाला हवी असते ती ही पुनःस्थापना. ह्याच्या चार वर्षे आधी, १९४४ मध्ये, रेमंड शँडलर ह्यांनी नेमक्या ह्याच जगावर कृत्रिमतेचा आरोप केला होता. हे जग रस्त्यावरच्या खुनाशी संबंध नसलेले, कागदी आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. ऑडन आणि शँडलर हे दोघेही कृत्रिमता मान्य करतात. एकाला ती कथेचा धर्म वाटते, दुसऱ्याला दोष. ख्रिस्ती ह्यांनी १९६५ मध्ये जे केले ते ह्या दोघांच्याही कल्पनेत नव्हते. त्यांनी ती कृत्रिमताच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली.

बर्ट्राम्स हे लंडनच्या मेफेअर भागातील एका शांत गल्लीतले जुने, महागडे हॉटेल. मूळ नमुना म्हणून ब्राउन्स आणि फ्लेमिंग्ज अशा दोन खऱ्या हॉटेलांची नावे सांगितली जातात. पैकी ब्राउन्स १८३७ पासूनचे आहे. नमुना कोणताही असो. कादंबरीच्या आरंभीच सांगितले जाते की युद्धात आजूबाजूच्या इमारती पडल्या, पण बर्ट्राम्स तसेच राहिले, आणि १९५५ मध्ये ते हुबेहूब १९३९ मधल्यासारखे दिसत होते. हे वाक्य वाचक सहज ओलांडून जातो. १९५४ च्या जुलैपर्यंत ज्या देशात मांसावर रेशन होते, घरगुती नोकरांचा वर्ग जेथे झपाट्याने नाहीसा होत होता, तेथे एखादे हॉटेल सोळा वर्षांनी तसेच दिसते, ह्यात आश्चर्यापेक्षा शंकेला जागा अधिक होती. पण शंका घेण्याची वाचकाची तयारी नसते, कारण त्या हॉटेलात जे मिळते तेच घेण्यासाठी तो ही कादंबरी उघडतो. शेकोटीत खरा कोळसा, पितळी बादल्या, लोण्याने निथळणारे मफिन, शहाजिऱ्यासारखे दाणे घातलेला जुन्या पद्धतीचा सीड केक, आणि चहा आणून देणारा हेन्री. हेन्रीची अदब अशी की पाहुण्याला आपण कोणी तरी आहोत असे वाटावे आणि तरीही हेन्रीने आपणहून काही केले असे कधी वाटू नये.

ह्या हॉटेलात मिस मार्पल येतात. चौदा वर्षांच्या असताना एकदा त्या येथे नातलगांबरोबर राहिल्या होत्या. आता रेमंड वेस्ट आणि त्याची पत्नी जोन ह्यांनी त्यांना दोन आठवड्यांची भेट म्हणून पुन्हा पाठविले आहे. (रेमंड हा पुतण्या की भाचा, हे इंग्रजी शब्द सांगत नाही; आडनाव निराळे असल्यामुळे भाचा म्हणणेच युक्त. त्या बालपणीच्या प्रवासातला ‘अंकल’ काका होता की मामा, हे मात्र मराठी अनुवादकाला अंदाजानेच ठरवावे लागेल.) हॉटेलात इतरही मंडळी आहेत: लेडी सेलिना हेझी, विसराळू विद्वान कॅनन पेनीफादर, निवृत्त कर्नल लस्कम, त्यांच्या पालकत्वाखालील तरुण मुलगी एलव्हिरा ब्लेक, आणि जिच्या साहसांनी वर्तमानपत्रे भरलेली असतात ती एलव्हिराची आई, बेस सेजविक. आई आणि मुलगी ह्यांचा एकमेकींशी संबंध जवळजवळ नाही. दुसऱ्या बाजूने स्कॉटलंड यार्डचे चीफ इन्स्पेक्टर डेव्ही मोठ्या दरोड्यांच्या एका मालिकेचा माग काढीत आहेत. त्यांपैकी एक आगगाडीवरचा आहे. ८ ऑगस्ट १९६३ रोजी बकिंगहॅमशरमध्ये टपालगाडी अडवून सुमारे २६ लाख पौंड लुटण्यात आले होते. १९६५ च्या वाचकाला त्या घटनेची आठवण करून देण्याची गरज नव्हती.

रहस्यभेद केल्यावाचून ह्या कादंबरीची चर्चा होऊ शकत नाही. बर्ट्राम्स हे हॉटेल एका मोठ्या टोळीचे केंद्र आहे. त्याची जुनी शान हा त्या टोळीने घेतलेला बुरखा आहे. टोळीची सूत्रे बेस सेजविकच्या हाती आहेत. खून मात्र निराळाच आहे. हॉटेलचा दरवान मायकेल गॉर्मन धुक्याच्या रात्री हॉटेलबाहेर गोळी लागून मरतो, आणि तो खून एलव्हिराने केलेला असतो. कारण असे: गॉर्मन हा बेसचा पहिला नवरा, तो विवाह कायदेशीर ठरला तर बेसचा नंतरचा विवाह आणि त्यातून झालेली एलव्हिरा ही दोन्ही अवैध ठरतील, आणि वडिलांची मोठी संपत्ती हातची जाईल, अशी एलव्हिराची भीती.

ह्या कथानकाची बांधणी सैल आहे, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. खून फार उशिरा होतो, दरोड्यांची टोळी अशक्य कोटीतली वाटते, आणि मिस मार्पल बराच वेळ नुसत्या बसून असतात. तथापि त्यांचे हे बसून राहणे निष्फळ नाही. त्या बसून ऐकतात आणि पाहतात, आणि ह्या कादंबरीचा खरा विषय ऐकण्यापाहण्यातूनच कळणारा आहे.

तो विषय स्पष्ट होण्यासाठी इंग्रजी भाषाशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रकरणाकडे वळणे अवश्य आहे. १९५४ मध्ये अ‍ॅलन रॉस ह्यांनी हेलसिंकीहून निघणाऱ्या एका भाषाशास्त्रीय नियतकालिकात इंग्रजीतील वर्गनिदर्शक शब्दांविषयी लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की इंग्लंडमधील वरचा वर्ग आता संपत्तीने किंवा शिक्षणाने वेगळा दिसत नाही. तो वेगळा दिसतो फक्त भाषेने. आरशाला ‘लुकिंग-ग्लास’ म्हणणारा त्या वर्गातला, ‘मिरर’ म्हणणारा बाहेरचा. जेवणाच्या रुमालाला ‘नॅपकिन’ म्हणणारा आतला, ‘सर्व्हिएट’ म्हणणारा बाहेरचा. हा लेख तज्ज्ञांपुरताच राहिला असता. पण नॅन्सी मिटफर्ड ह्यांनी १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’मधून तो विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला, १९५६ मध्ये ‘नोब्लेस ओब्लीज’ हे संकलन निघाले, आणि वर्गनिदर्शक शब्दांची यादी घरोघरी चर्चिली जाऊ लागली. येथे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक मौजेची गोष्ट घडते. जोपर्यंत निदर्शक अबोध असतो तोपर्यंतच तो निदर्शक असतो. त्याची यादी छापली की तो शिकता येतो. शिकता आला की विकता येतो. ख्रिस्ती ह्यांनी रॉस किंवा मिटफर्ड वाचले होते की नव्हते, हा प्रश्न येथे गौण आहे. बर्ट्राम्स हॉटेल हे त्या छापील यादीच्या नंतरच्या इंग्लंडमध्येच संभवते.

हॉटेलचा मॅनेजर हंफ्रीज कर्नल लस्कमशी बोलताना ही गोष्ट जवळजवळ उघड सांगतो. जुन्या सरदारघराण्यांतल्या पैसा उरला नसलेल्या वृद्ध बायका इतक्या महागड्या हॉटेलात कशा राहू शकतात, असे लस्कम विचारतात. उत्तर असे मिळते की त्यांना खास कमी दर दिला जातो, कारण त्या तेथील वातावरणाचा भाग आहेत. अमेरिकेहून येणारा प्रवासी पुरा दर देतो तो ह्याचसाठी, की शेकोटीजवळ एखादी खरी लेडी सेलिना बसलेली त्याला दिसावी आणि तिचा आवाज कानी पडावा. येथे माणसे लाकडी खुर्च्यांइतकीच मांडलेली आहेत. विशेष हे की लेडी सेलिना खऱ्या आहेत. त्यांची भाषा, त्यांचे उच्चार, त्यांचे सीड केकचे प्रेम, सर्व खरे. खोटेपणा त्यांच्यात नाही. तो त्यांच्या मांडणीत आहे. खऱ्या वाक्यांतून खोटा परिच्छेद रचावा, तसे हे आहे. हंफ्रीज हे लपवीतही नाही. कर्नल लस्कमना त्यात वाईट काही दिसत नाही आणि वाचकालाही दिसत नाही. गुन्ह्याचा सर्वांत महत्त्वाचा दुवा असा पहिल्या काही पानांतच, अगदी उजेडात ठेवलेला आहे.

मिस मार्पल ह्यांना जे खटकते ते वेगळ्या प्रकारचे. त्यांची खोली आवरणारी मोलकरीण वेषात, टोपीत आणि बोलण्यात जुन्या काळच्या चित्रातून उतरल्यासारखी आहे, आणि तिला पाहून त्यांना आनंदाबरोबरच अवास्तवतेचा भास होतो. पुढे डेव्हींशी बोलताना त्या आपली अस्वस्थता स्पष्ट करतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की आयुष्य पुढे जाते, माणसे आणि जागा बदलतात. जी जागा मुळीच बदललेली नाही ती जिवंत असू शकत नाही. भाषेच्या अभ्यासकाला हा युक्तिवाद परिचयाचा आहे. जिवंत बोलीत एकजिनसीपणा नसतो. साठ वर्षांचे अंतर असलेल्या दोन पिढ्या एकच भाषा बोलत असल्या तरी त्यांच्या शब्दांत, लकबींत, चुकांतही फरक असतो. आणि एकाच माणसाच्या बोलण्यात निरनिराळ्या काळचे थर असतात. ज्या लेखनात असे थर दिसत नाहीत, ज्यात प्रत्येक रूप सारखेच जुने आहे, ते लेखन मागाहून कोणी तरी यत्नपूर्वक जुने केलेले असते. बनावट ताम्रपट ओळखण्याची एक रीत हीच आहे. खरा लेखक आपल्या काळची भाषा अजाणता लिहितो आणि म्हणून मधूनमधून घसरतो. बनावट करणारा जुनी भाषा जाणूनबुजून लिहितो आणि म्हणून घसरत नाही, किंवा घसरलाच तर भलत्याच काळात घसरतो. हेन्री कधीच घसरत नाही. पन्नास वर्षे चहा देणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी पाय दुखत असल्याचे, एखाद्या पाहुण्याचा कंटाळा आल्याचे चिन्ह चेहऱ्यावर येऊ द्यावेच लागते. हेन्रीच्या चेहऱ्यावर ते नाही. मिस मार्पल ह्यांनी आयुष्यभर नोकरमाणसे पाहिलेली आहेत, मोलकरणींना कामाला लावलेले आहे, आणि म्हणूनच त्यांना हा अभाव जाणवतो. ह्या ज्ञानाला वर्गाचा वास आहे हे खरे. पण ते ज्ञान आहे, हेही खरे.

टोळीची कार्यपद्धती ह्याच तत्त्वावर उभारलेली आहे. दरोड्याच्या जागी प्रत्येक वेळी एखादी अत्यंत प्रतिष्ठित व्यक्ती दिसल्याचे साक्षीदार सांगतात: कधी न्यायमूर्ती, कधी धर्मगुरू. चौकशी होते तेव्हा ती व्यक्ती भलतीकडेच होती असे सिद्ध होते आणि पोलीस साक्ष सोडून देतात. वस्तुतः साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याने पाहिलेले असते ते पांढरे केस, धर्मगुरूचा पेहराव, विशिष्ट उच्चार. चेहरा त्याने पाहिलेलाच नसतो. चिन्ह पाहिले आणि व्यक्ती पाहिली असे मानले, एवढीच त्याची चूक. हीच चूक दुसऱ्या टोकाने लेडी सेलिना करतात. त्या हॉटेलात वारंवार कोणाला तरी ओळखतात, हाक मारतात, आणि तो मनुष्य दुसराच निघतो. आरंभी हा निव्वळ विनोद वाटतो. ज्या समाजात माणसे व्यक्तीपेक्षा प्रकार म्हणून ओळखली जातात त्या समाजाचे हे नेमके निदान आहे, हे नंतर उमगते.

कॅनन पेनीफादर ह्यांचा प्रसंग ह्या सर्वांचा कळस होय. ल्यूसर्नच्या परिषदेला जाण्याची तारीख चुकल्यामुळे ते मध्यरात्री अकल्पितपणे आपल्या खोलीत परततात, आणि खोलीत स्वतःलाच बसलेले पाहतात. पुढचे त्यांना आठवत नाही, कारण डोक्यात प्रहार होतो. त्या रात्री तीनच्या सुमारास ‘कॅनन’ बाहेर पडताना मिस मार्पल पाहतात. पुढे खऱ्या कॅननना तोच मार्ग चालून दाखविण्यास सांगितले जाते, आणि मिस मार्पल ह्यांना फरक कळतो तो चालीवरून. पेहराव, केस, चष्मा सर्व उसने घेता येते. त्या रात्री दिसलेल्या मनुष्याची चाल मात्र अधिक तरुण माणसाची होती. टोळीने शब्दसंग्रह उचलला होता, पण लय उचलली नव्हती. परकी भाषा शिकणाऱ्याचे व्याकरण निर्दोष झाले तरी त्याचा हेल सांगून जातो, त्यातलाच हा प्रकार.

तथापि कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म भाषिक प्रसंग ह्याहून साधा आहे आणि त्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. लेखनकक्षाच्या खिडकीशी बेस उभी असते. बाहेर दरवान गॉर्मन. उंच पाठीच्या खुर्चीत बसलेल्या मिस मार्पल दोघांनाही दिसत नाहीत. एरव्ही सोनेरी कलाबतू आणि पदके लावून एखाद्या सेनापतीसारखा दिसणारा, पाहुण्यांशी ठरावीक अदबीने बोलणारा हा मनुष्य येथे एकाएकी आयरिश खेड्यातला तरुण होतो. त्याचे संबोधन बदलते, हेल बदलतो, सलगी येते आणि सलगीच्या आड धमकीही येते. हॉटेलातील इतर नोकरांजवळ एकच भाषा आहे, निदान वाचकाला एकच ऐकू येते. गॉर्मनजवळ दोन आहेत, आणि दोन्ही वाचक ऐकतो. म्हणून तोच एकटा जिवंत वाटतो. आणि मरतोही तोच.

हा प्रसंग मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे मोठी अडचण उभी राहील. इंग्रजीत सर्वनाम एकच असल्यामुळे संबोधन आणि उच्चार ह्यांवरच सगळा भार पडतो. पहिली एकदोन वाक्ये ऐकून ते दरवान आणि पाहुणी असल्याचा भ्रम टिकू शकतो. मराठीत ‘आपण’ सोडून ‘तू’ आले की पहिल्या क्रियापदातच गुपित फुटते. ब्राउन आणि गिलमन ह्यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांच्या आधारे सत्ता आणि जवळीक ह्या दोन अक्षांची जी मांडणी केली, ती मराठीला सहज लागू पडते. परंतु ह्या कादंबरीची गंमत नेमकी अशी की तिची भाषा हे अक्ष झाकून ठेवणारी आहे. एलव्हिराने आपल्या आईला काय म्हणावे? ‘तू’ म्हटले तर जो जिव्हाळा कधी नव्हता तो उत्पन्न होतो. ‘तुम्ही’ म्हटले तर दुरावा पहिल्याच भेटीत उघडा पडतो. इंग्रजी मजकूर ह्या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत देत नाही. कथन करणाऱ्यालाही मराठी मोकळे सोडीत नाही: मिस मार्पल ‘म्हणतात’, हेन्री ‘म्हणतो’. प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही.

एलव्हिराचे चित्रण हे ह्या कादंबरीचे दुसरे बलस्थान होय, आणि पुष्कळ वाचकांना ते अपुरे वाटते. पालकांशी ती मोजके, आज्ञाधारक बोलते. ब्रिजेट ह्या मैत्रिणीशी तिचे बोलणे वेगवान आणि हुकमी असते. वकिलाकडे जाऊन ती आपल्याला किती पैसा मिळणार आणि आपण मेलो तर तो कोणाला जाईल, हे शांतपणे विचारते. बाँड स्ट्रीटवरच्या जवाहिऱ्याच्या दुकानात ती अपघाताचा कांगावा घडवून आणते. प्रत्येक ठिकाणी भाषा निराळी आणि प्रत्येक ठिकाणी निर्दोष. म्हणजे हॉटेलने भाड्याच्या माणसांकडून जे करविले ते ही मुलगी एकटी, कोणी न शिकविता करते. टोळीचा अभिनय ओळखण्यासाठी डेव्हींना हॉटेलच्या मालकीपर्यंत जावे लागते. रॉबिन्सन नावाच्या धनाढ्य गृहस्थाकडून, पडद्यामागे हॉफमन बंधू आहेत, हे काढून घ्यावे लागते. एलव्हिराच्या मागे कोणी हॉफमन नाही. टोळीच्या गुन्ह्याचा हिशेब मांडता येतो, कारण जुने इंग्लंड जसेच्या तसे चालविणे तोट्याचे असते आणि तो तोटा कोठून भरून निघतो असे विचारता येते. हा प्रश्न डेव्हींना सुचणे हा कादंबरीतील उत्कृष्ट तपास आहे, बोटांच्या ठशांहून किती तरी चांगला. एलव्हिराच्या गोड, निरागस वाणीचा असा जमाखर्च मांडता येत नाही.

येथपर्यंत ख्रिस्ती ह्यांनी आपल्याच प्रकाराची जी परीक्षा घेतली आहे ती धीट आहे. त्यांच्या वाचकांपैकी पुष्कळांना त्यांच्या पुस्तकांतून बर्ट्राम्सच हवे असते. चाळीसाहून अधिक वर्षे त्यांनी ते पुरविलेही होते. आता वार्धक्यात त्यांनी त्या वाचकाला शेकोटीजवळ बसविले, मफिन दिले, आणि मग सांगितले की ह्या मफिनचे पैसे लुटीतून आलेले आहेत.

परंतु ही धिटाई एका ठिकाणी थांबते, आणि ती कोठे थांबते हे पाहिल्यावाचून कादंबरीचे मोल ठरविता येणार नाही. आजचे बर्ट्राम्स खोटे आहे असे कादंबरी सांगते. मिस मार्पल ह्यांच्या बालपणीचे बर्ट्राम्स मात्र खरे होते असे ती धरून चालते. त्या काळच्या हेन्रीची अदब मनापासूनची होती काय? तोही पगारी होता, त्याचेही पाय दुखत असतील, आणि ते दुखणे चेहऱ्यावर न दाखविणे हाच त्याच्या नोकरीचा भाग होता. आदर दाखविणारी प्रत्येक भाषा शिकावी लागते. नोकराची तर अधिकच. अभिनय करणारा नवा हेन्री आणि सेवा करणारा जुना हेन्री ह्यांच्यातील फरक पाहुण्याच्या स्मृतीत आहे. कामात तो फारसा नसावा. दोषाच्या अभावावरून बनावट ओळखणाऱ्या मिस मार्पल, चौदाव्या वर्षी आपण कोणते दोष पाहिले होते हे स्वतःला विचारीत नाहीत. भूतकाळात परत जाता येत नाही, एवढ्यावर त्या समाधान मानतात. तो भूतकाळ तरी तसा होता काय, हा पुढचा प्रश्न कादंबरीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत येतो आणि तेथेच राहतो. टोळी ही क्लृप्ती येथे कामी येते. दोष सगळा हॉफमन बंधूंच्या आणि बेसच्या माथी मारला की मूळ व्यवस्था निर्दोष सुटते. ऑडन ह्यांनी सांगितलेली पुनःस्थापना अशा रीतीने मागल्या दाराने आत येते. वर्तमानकाळातील हॉटेल गेले, पण स्मृतीतील हॉटेल धुऊन स्वच्छ झाले.

ह्या तडजोडीची किंमत गॉर्मन देतो. ह्या प्रकारच्या कथेत मृताविषयी फार शोक करावयाचा नसतो, हा संकेत सर्वश्रुत आहे. वाचकाला कोड्याकडे वळावयाचे असते. पण एरव्ही मृत मनुष्य कोणी तरी श्रीमंत, अप्रिय, वारसदारांनी वेढलेला असा असतो. येथे तो दाराशी उभा राहणारा नोकर आहे, आणि एलव्हिराच्या बनावानुसार तो तिला वाचविण्यासाठी धावत येताना मेला. ते धावणे खरेच आहे. पहिली गोळी ऐकून तो तिच्याकडे धावला, आणि दुसरी त्याला लागली. लोभी, कदाचित पैसे उकळण्याच्या विचारात असलेला हा मनुष्य त्या क्षणी कोणत्या भाषेत वागला, दरवानाच्या की आयरिश तरुणाच्या, हे कादंबरी विचारीत नाही. त्याच्यासाठी कोणी रडल्याचे दिसत नाही. खून हॉटेलात न होता हॉटेलच्या बाहेर, धुक्यात झाला, ह्याचे श्रेय रचनेच्या सोयीला देता येईल. तरीही ज्याने आयुष्यभर इतरांसाठी दार उघडले त्याला मरताना दाराबाहेरच राहावे लागले, ही गोष्ट वाचकाच्या मनात राहते.

कादंबरीची दूरदर्शन-रूपांतरे झाली आहेत. १९८७ मध्ये जोन हिक्सन आणि २००७ मध्ये जेराल्डिन मॅकएवन ह्यांनी मिस मार्पलची भूमिका केली. रूपांतराची अडचण अशी की पडद्यावर सगळेच हॉटेल नेपथ्य असते. जेथे प्रत्येक खुर्ची मांडलेली आणि प्रत्येक नोकर नट, तेथे नेपथ्यासारखे दिसणारे हॉटेल आणि हॉटेलासारखे दिसणारे नेपथ्य ह्यांतील भेद प्रेक्षकाला जाणवावा कसा? पुस्तकात तो भेद निवेदनाच्या स्वरातून जाणवतो. वर्णन थोडे अधिकच गोड होते, विशेषणे थोडी अधिकच समाधानी होतात, आणि सावध वाचकाचा कान टवकारतो.

त्या सर्व गोडव्यात एकच व्यक्ती खरोखर खाताना दिसते. बेस सेजविक चहाच्या वेळी जॅम भरलेला डोनट मागविते, त्यात दात रोवते, जॅम तिच्या हनुवटीवर उडतो आणि ती हसते. आजूबाजूच्या वृद्ध मंडळींच्या नजरा तिच्याकडे वळतात. टोळीची नायिका तीच, आणि त्या दालनात जिला रीत सांभाळण्याची गरज वाटत नाही अशीही तीच. अखेरीस ती मुलीचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेते, खिडकीतून निसटते आणि भरधाव मोटारीत मरते. तिचा कबुलीजबाब पोलिसांच्या दप्तरी नोंदला गेलेला आहे. एलव्हिरा सुटता कामा नये असे डेव्ही म्हणतात, पण ते म्हणण्यापलीकडे कादंबरी जात नाही. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयापुढे काय ठेवणार, हे शेवटच्या पानावरही कळत नाही.